अप्रेंटिसचं वर्ष : वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

आयटीआय, डिप्लोमाचे निकाल लागून कंपन्यांत नवीन बॅच आली की दरवर्षी या सदराकडे एकाच विषयाची पत्रं यायला लागतात. यंदा पोरांबरोबर त्यांच्या आयांची आणि शॉपवरच्या जुन्या लोकांचीही आलीत, म्हणून या महिन्याचं सगळं सदर अप्रेंटिसशिपलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कंपन्यांची नावं काढून टाकलीत.

ताई, मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत अप्रेंटिस लागलो, तीन महिने झाले. रोज एकच काम, सीएनसीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरून, जॉब म्हणजे तयार पार्ट बाहेर आला की त्याच्या भोकात प्लग गेज घालून माप तपासायचं, ओके असला तर क्रेटमध्ये नाहीतर लाल बिनमध्ये. ऑपरेटर मशीनला हात लावू देत नाही. बरोबरचे मित्र इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला गेले. घरून फोन येतो काय शिकलास म्हणून, काय सांगू कळत नाही. हेच असतं का अप्रेंटिसशिप? सोडून देऊ का?

सोडू नकोस, निदान मी सांगते तेवढं करून बघितल्याशिवाय तरी नको.

तुझी तक्रार खरी आहे, हे आधी सांगते. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की अप्रेंटिस हा ट्रेनिंग घेणारा आहे, कामगार नाही. कामगार नाही म्हणून कामगाराचा पगार नाही, मग ट्रेनिंग तरी पूर्ण मिळालं पाहिजे ना. पण बऱ्याच ठिकाणी पोरांना लाईनवर उभं करतात आणि वर्षभर तिथेच ठेवतात, ते चूक आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तुझ्या कॉन्ट्रॅक्टबरोबर ट्रेनिंगचा प्लॅन असायला हवा, कुठल्या डिपार्टमेंटला किती दिवस वगैरे. एचआरकडे जा आणि तो प्लॅन माग. भांडायला जाऊ नकोस, सरळ विचार की सर माझं पुढचं रोटेशन कधी आहे, मला क्वालिटी आणि मेंटेनन्स दोन्ही बघायचंय. तोंडी सांगून विसरले तर मेल टाक, दोन ओळींचा, सुपरवायझरला सीसी ठेवून.

आता हातातल्या कामाबद्दल. प्लग गेज तुला दोनच गोष्टी सांगतो, गो म्हणजे बारीक टोक आत जातं का आणि नो-गो म्हणजे जाड टोक अडतं का. भोक कुठल्या बाजूला सरकतंय ते तो सांगत नाही. समज तुझं बोअर, म्हणजे आतलं भोक, ड्रॉइंगवर २५ एच ७ आहे, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालतं, एकूण २१ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) जागा, यालाच टॉलरन्स म्हणतात. कॉलेजात वापरला तो ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्निअर इथे काहीच कामाचा नाही, त्याचा एक काप म्हणजे जवळजवळ अख्खा टॉलरन्स. लाईनवर कुठेतरी भोकाचं माप आकड्यात दाखवणारा बोअर गेज असणारच, क्वालिटीवाल्याकडे माग, मास्टर रिंगवर, म्हणजे नक्की मापाच्या कड्यावर, झिरो करायला त्याच्याकडून शिक, आणि दर तासाला एक जॉब खरा मोजून आकडा वहीत लिही. वही साधी असू दे, तारीख, वेळ, आकडा, बस.

दोन शिफ्टमध्ये तुला दिसेल की आकडा हळूहळू कमी होतोय. का, तर इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार झिजते, टूलचं टोक मागे सरतं, मटेरियल थोडं कमी कापलं जातं आणि बोअर लहान होतं. बाहेरचा डाया टर्न करताना हेच उलटं, जॉब मोठा होत जातो. मग ऑपरेटर येऊन एक्सला ऑफसेट देतो, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या जागेचा आकडा दुरुस्त करतो, आणि आकडा परत वर उडी मारतो, इन्सर्ट बदलला की पुन्हा नवीन खेळ. हे तुला कुणी फळ्यावर काढून दाखवणार नाही पण तुझ्या वहीत ते आपोआप उमटतं.

अजून एक बघ. मशीनमधून निघाल्या निघाल्या गरम जॉब मोज आणि तोच जॉब अर्ध्या तासाने मोज. स्टीलचं २५ मिलिमीटरचं बोअर वीस डिग्रीने जास्त गरम असेल तर साधारण सहा मायक्रॉन मोठं दिसतं, एकवीसातले सहा म्हणजे किती झाले बघ. गरम असताना ओके म्हणून पास केलेला जॉब थंड झाल्यावर गो गेज घेत नाही, आणि मग संध्याकाळी रिजेक्शन कुणाचं यावरून शॉपवर वाद होतो. हे तू आकड्यानिशी दाखवलंस ना, तर तोच ऑपरेटर स्वतःहून म्हणेल ये इकडे, बघ ऑफसेट कसा टाकतात.

तो हात लावू देत नाही त्यामागेही कारण आहे, ते समजून घे. टूल धडकलं तर टरेट, म्हणजे टूल धरणारा भाग, हलतो, स्पिंडलला मार बसतो, मशीन बंद पडते आणि जाब त्याला द्यावा लागतो, वर तासाचं प्रॉडक्शन त्याच्या नावावर. त्यामुळे चालू प्रॉडक्शनमध्ये मागू नकोस. सेटिंग बदलताना, जॉब पकडणारे जॉज बदलताना, शिफ्टचा पहिला जॉब अप्रूव्हलला जातो तेव्हा शेजारी उभा राहा, पाना दे, ड्रॉइंग धर. पहिल्या जॉबच्या वेळी सगळे डायमेन्शन चेक होतात, तेव्हा जेवढं कळतं तेवढं दिवसभर गेज घालून कळणार नाही.

मित्र सेकंड इयरला गेले ते बरंच झालं, तुलाही नंतर जाता येईल. फक्त तू जाशील तेव्हा तुला टॉलरन्स म्हणजे काय ते हाताला माहीत असेल.

हे करूनही सहा महिने झाले आणि रोटेशनचं नाव नाही, तर वर तक्रार करायची सोय आहे. डिप्लोमा, डिग्रीवाल्यांसाठी मुंबईला सायनला अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्डाचं पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, आयटीआयवाल्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या बीटीआरआय, म्हणजे अप्रेंटिसच्या मूलभूत ट्रेनिंगच्या, केंद्रातल्या अप्रेंटिसशिप सल्लागारांना भेटायचं.

ताई नमस्कार, माझी मुलगी आयटीआय मशिनिस्ट झाली. शिरवळ एमआयडीसीत एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागली, त्या सेक्शनला ती एकटीच मुलगी आहे. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, हाताला बारीक बारीक कापलेलं असतं. तिचे काका म्हणतात मुलीला कशाला लोखंडात घातली, बँकेचा क्लास लावला असता. तिला मात्र आवडतंय. मी काय करू?

वहिनी, तिला आवडतंय हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, त्यामुळे काकांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मी टूलरूममध्ये शिकले तेव्हा आमच्याकडेही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि मिलिंग मशीनला समोर कोण उभं आहे याने काही फरक पडत नाही, टेबल तेवढंच सरकतं.

पाय सुजतात त्यावर उपाय आहे. सेफ्टी शूज बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या मापाचे येतात, मुलींना ते ढिले होतात आणि पायाची वाट लागते. तिने स्टोअरला आपलं बरोबर माप लिहून मागावं, मिळेपर्यंत आत जाड सोल घालावा. उभं राहायच्या जागी रबर मॅट मागावी, ही काही फार मोठी मागणी नाही.

कापण्याबद्दल मात्र तिच्याशी बसून बोला, कारण इथे चुकीचा सल्ला देणारे खूप असतात. हाताला कापतंय म्हणून कुणी म्हणेल हँडग्लोव्ह्ज घालून मशीन चालव, ते अजिबात करायचं नाही. फिरत्या कटरजवळ, ड्रिलजवळ, लेथच्या चकजवळ ग्लोव्ह कधीच नाही, कापड अडकलं की हात आत ओढला जातो आणि सोडवायला वेळ मिळत नाही. ग्लोव्ह्ज मशीन पूर्ण थांबल्यावर, जॉब उचलायला आणि बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धारदार कोर, असलेल्या कडा धरायला. चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, हाताने काढायच्या नाहीत, ब्रशने किंवा हुकने, आणि अंगावरचे कपडे एअर गनने साफ करायचे नाहीत, चिप डोळ्यात जाते. जॉबच्या कडांना बर राहते तीच बोटं कापते, म्हणून जॉब व्हाइसमधून काढला की आधी कानस मारून कडा मोडायच्या आणि मगच मोजायला घ्यायचा. वेणी टोपीच्या आत, ओढणी नाही, बाही मनगटाशी बंद, बांगड्या-अंगठी-घड्याळ-गळ्यातलं सगळं लॉकरमध्ये. हे नियम मुलग्यांनाही तितकेच लागू आहेत, गळ्यात चेन आणि हातात कडं घालून लेथवर उभे राहणारे पोरगे मी पाहिलेत आणि तेव्हा तेव्हा मशीन बंद करायला लावलीय.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. अप्रेंटिस कामगार नसला तरी आरोग्य, सुरक्षा आणि वेल्फेअरच्या बाबतीत त्याला कामगारासारखंच धरतात, म्हणजे गार्ड, गॉगल, पिण्याचं पाणी, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह, हे सगळं तिचा हक्क आहे. ट्रेनिंगच्या कामात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते. म्हणून छोटं कापलं तरी फर्स्ट एडच्या रजिस्टरला नोंद करायची, लाजायचं नाही. ओव्हरटाइमही अप्रेंटिसला असाच लावता येत नाही, त्याला अप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते. थांब गं आज दोन तास, असं रोज व्हायला लागलं तर तिने नम्रपणे नाही म्हणावं आणि घरी तुम्हाला सांगावं. सुट्ट्या कंपनीत सगळ्यांना असतात त्या तिलाही.

आणि कुणी काही वेडंवाकडं बोलत असेल, जवळ येत असेल, तर कंपनीत अंतर्गत तक्रार समिती असते, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ती असायलाच लागते, आणि तो कायदा अप्रेंटिसलाही लागू आहे. समितीतल्या बाईंचं नाव नोटीस बोर्डवर बघून ठेवायला सांगा तिला.

नाशिकहून लिहितोय. बीई मेकॅनिकल, अंबडला एका कंपनीत अप्रेंटिस. ९,००० स्टायपेंड सांगितला पण खात्यात ४,५०० च येतात, एचआर म्हणतात बाकीचे सरकार देणार. पीएफ पण नाही. रूमभाडं आणि मेस देऊन हातात काही राहत नाही. कंपनी फसवतेय का?

पीएफ नाही यात फसवणूक नाही, कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय दोन्ही लागू होत नाहीत.

पैशाचं असं आहे. २०१९ च्या नियमांत ग्रॅज्युएटला कमीत कमी ९,०००, डिप्लोमाला ८,००० आणि आयटीआयवाल्याला ७,००० असे आकडे आहेत. हे कमीत कमी आहेत, कंपनी जास्त देऊ शकते आणि बऱ्याच चांगल्या कंपन्या देतात. डिग्री-डिप्लोमावाले केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिस योजनेत येतात, तिथे किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा सरकार उचलतं, म्हणजे तुझे ४,५००. आयटीआयवाले नॅप्स या दुसऱ्या योजनेत, तिथे सरकारचा वाटा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५००. पूर्वी कंपनी सगळे पैसे द्यायची आणि सरकारकडून परत घ्यायची, आता सरकारचा वाटा थेट पोरांच्या खात्यात येतो. त्यामुळे एचआर म्हणतात ते खरं असू शकतं, पण पैसे अडकलेत कुठे ते तुलाच शोधायला लागेल.

आधी बँकेत जाऊन बघ तुझं खातं आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलंय का. नुसता आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी मॅप झालेलं असणं वेगळं, बरीच पोरं इथेच अडकतात, कारण मॅपिंग कॉलेजात स्कॉलरशिपसाठी उघडलेल्या जुन्या खात्याला असतं आणि पैसे तिकडे जाऊन पडतात. मग नॅट्सच्या पोर्टलवर लॉगिन करून बघ तुझं कॉन्ट्रॅक्ट मंजूर दिसतंय का आणि कंपनीने तुझी महिन्याची माहिती भरलीय का. कॉन्ट्रॅक्टच दिसत नसेल, नुसतं कंपनीच्या लेटरहेडवर ट्रेनी लिहून दिलं असेल, तर तू या कायद्याखालचा अप्रेंटिसच नाहीस, मग बोर्डाचं सर्टिफिकेटही मिळणार नाही. हे जॉइन होतानाच बघायचं असतं. ज्यांचं अजून जॉइनिंग व्हायचंय त्यांनी पहिल्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट नंबर मागा, नंबर नसला तरी कामाला हरकत नाही वगैरे गोड बोलणं ऐकू नका.

कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवा असा नियम आहे.

९,००० मध्ये आजच्या नाशकात किंवा पुण्यात भागत नाही हे मला माहितीय. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने स्टायपेंड ३६ टक्के वाढवायची शिफारस केली, ५,००० ते ९,००० ची रेंज ६,८०० ते १२,३०० वर न्यावी अशी. ही वाढ फार आधी व्हायला हवी होती. गावाकडून आलेल्या पोराला घरून पैसे मागवून ट्रेनिंग करायला लागत असेल तर ज्याच्या घरी पैसेच नाहीत तो पोरगा ट्रेनिंग सोडून डिलिव्हरीला जातो, आणि चांगला फिटर होणारा हात आपण घालवतो.

वाळूजला आयटीआय फिटर अप्रेंटिस आहे. वर्ष संपत आलं. कंपनी परमनंट करेल का? सगळे वेगवेगळं सांगतात.

करेलच असं धरून चालू नकोस. कायद्याप्रमाणे अप्रेंटिसला नोकरी देणं कंपनीला बंधनकारक नाही, भरतीचं धोरण कंपनीने स्वतः ठरवायचं असतं. सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा एक निकाल आहे, उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या केसमधला, त्यात म्हटलंय की बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा ट्रेनिंग घेतलेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हणजे नोकरीची हमी नाही, हे नीट समजून घे, कारण या निकालाचं नाव सांगून पोरांकडून पैसे काढणारे एजंट फिरतात.

तुझ्या हातात आहे ते म्हणजे ट्रेड टेस्ट. ऑल इंडिया ट्रेड टेस्टचा फॉर्म कंपनीने भरलाय का आत्ताच विचार, ती पास झालास की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं आणि त्याला खरी किंमत आहे. रेल्वेत लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या पदांच्या, थेट भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. म्हणून तुझा धाकटा भाऊ किंवा मित्र आयटीआयला असेल तर त्याला मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीकडे लक्ष ठेवायला सांग, मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर असे क्लस्टर असतात, लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर मेरिट लागतं.

जर्मनीत अप्रेंटिसशिप करायची आहे, एजंट तीन लाख मागतोय.

देऊ नकोस. तिकडच्या आऊसबिल्डुंगला, म्हणजे अप्रेंटिसशिपला, सहसा फी नसते, उलट कंपनीच दर महिन्याला पैसे देते, मेकॅट्रॉनिक्सचा कोर्स साडेतीन वर्षांचा असतो, काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत. खरी अट भाषेची आहे, बी १ किंवा बी २ पर्यंत जर्मन यायला हवं, तर ते तीन लाख वाचव आणि आधी वर्षभर भाषेचा क्लास कर.

मॅडम, मी भोसरीला सेटर आहे, मशीनचं सेटिंग करतो, बरीच वर्षं झाली. दर वर्षी पाच-सहा अप्रेंटिस माझ्याकडे येतात. सांगितलं की हो म्हणतात आणि वळलं की मोबाईल. आम्ही वस्तादाचा ओरडा खाऊन शिकलो. या पोरांना शिकवायचं कसं? मला मनापासून शिकवायचंय.

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शिकवायचंय असं लिहिणारे सेटर फार कमी भेटतात, आणि एक चांगला सेटर मिळाला की त्या पोराचं अख्खं वर्ष कारणी लागतं, मग कंपनीचा प्लॅन कागदावर असो नसो.

ओरड्याने तुम्ही शिकलात असं तुम्हाला वाटतं, पण मला वाटतं तुम्ही शिकलात कारण तुमच्या वस्तादाने काम तुमच्या हातात दिलं. या पोरांच्या हातात काहीच नसतं म्हणून मोबाईल येतो. त्यांना उभं करून समजावून सांगू नका, पहिल्या दिवशीच प्रत्येकाला एक खराब झालेला जॉब आणि त्याचं ड्रॉइंग द्या आणि सांगा, हा का रिजेक्ट झाला ते शोधून मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांग. मायक्रोमीटर द्या, कसा धरायचा ते एकदा दाखवा, रॅचेटने फिरवायचं, सी क्लॅम्पसारखं आवळायचं नाही. चुकीचं उत्तर आणलं तर परत पाठवा. लाल बिनमध्ये शिकवायचं साहित्य रोज फुकट पडलेलं असतं, ते सरळ स्क्रॅपला का जाऊ द्यायचं.

मोबाईल हिसकावून घेऊ नका, मशीनपाशी नको एवढा एकच नियम करा आणि तो स्वतःही पाळा. चहाच्या वेळी त्यांनी जी-कोडचे, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांचे, व्हिडिओ बघितले तर बघू द्या, जी ०० (न कापता वेगाने सरकणं) आणि जी ०१ (कापत सरकणं) मधला फरक एखाद्या पोराला तिथे पटकन कळतो, मग मशीनवर सिंगल ब्लॉकला, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ, चालवून दाखवा.

तुम्ही कानाने ऐकून काय ठरवता हेही त्यांना सांगा. बोरिंग बार, म्हणजे भोक कापणारं लांब टूल, चॅटर करायला म्हणजे थरथरायला लागला की तुम्ही आवाजावरून ओळखता आणि स्पीड कमी करता किंवा बारचा ओव्हरहँग, म्हणजे बाहेर निघालेली लांबी, कमी करता, पोराला फक्त दिसतं की दादांनी बटण फिरवलं. तेव्हा एक वाक्य बोला, आवाज ऐकलास का, म्हणून बार आत घेतला. सगळं बोलायची गरज नाही, दिवसाला दोन-तीन गोष्टी बोललात तरी वर्षात खूप होतं.

आणि सहा महिने झाले की सेटिंग त्याच्याकडून करून घ्या, तुम्ही मागे उभे राहा. पहिली सायकल जॉब न लावता, रॅपिड म्हणजे टूल पळण्याचा वेग कमीत कमी ठेवून, एक हात फीड होल्डवर म्हणजे टूल जागीच थांबवणाऱ्या बटणावर. ऑफसेट टाकण्याआधी त्याने आकडा आणि त्याचं प्लस-मायनस मोठ्याने बोलायचं, तुम्ही हो म्हटल्यावरच इनपुट दाबायचं. ०.०५ च्या जागी ०.५ पडलं की टूल जॉबमध्ये घुसतं, त्यामुळे ही सवय पहिल्या सेटिंगपासूनच लावा, आणि तुम्ही स्वतः ऑफसेट टाकाल तेव्हाही त्याच्यासमोर आकडा मोठ्याने बोला.